दोन फ्लँजांमधले ७८ मिलिमीटर

पूर्ण उघडलेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह स्वतःच्या अंगात मावत नाही. ३०० मिलिमीटरचा साधा वेफर नमुना समोर ठेवा. बिडाची कडी, तिला आतून रबरी लायनर, कडीतून आरपार गेलेला स्पिंडल आणि स्पिंडलवर बसवलेली चकती. कडीची जाडी अवघी ७८ मिलिमीटर, चकतीचा व्यास मात्र ३००च्या घरातला. बंद असताना सगळं कडीत सामावतं. पाव फेरा फिरवला की चकती प्रवाहाच्या रेषेत उभी राहते आणि तिच्या दोन्ही कडा शंभराहून जास्त मिलिमीटर शेजारच्या पाइपांत शिरतात. लाइन चालू असते तेव्हा चकतीचा बराचसा भाग असा दुसऱ्याच्या जागेत असतो.

या रचनेचं सौंदर्य मला इथेच दिसतं आणि तिच्या बहुतेक दुखण्यांचं मूळही इथेच सापडतं. कारखान्यातून येतो तो अर्धाच व्हॉल्व्ह. उरलेला अर्धा म्हणजे दोन बाजूंचे फ्लँज, त्यांचा आतला व्यास, त्यांची समांतरता आणि बोल्टांचा ताण. तो अर्धा भाग फिटर जागेवर तयार करतो. म्हणून बटरफ्लाय व्हॉल्व्ह नीट पाहायचा तर गोदामाच्या रॅकवर पाहून भागत नाही, तो बसताना पाहावा लागतो.

शेजारी गेट व्हॉल्व्ह ठेवला की काटकसर किती आहे ते कळतं. १२ इंची, क्लास १५०चा गेट व्हॉल्व्ह फ्लँजपासून फ्लँजपर्यंत ३५६ मिलिमीटर जागा घेतो. वर त्याचं बॉनेट आणि त्याच्याही वर चढता स्पिंडल. त्याचं गेट वर उचललं जातं आणि पाण्याला वाट पूर्ण मोकळी करून देतं. बटरफ्लायची चकती कधीच बाजूला होत नाही. उघडी असली तरी ती प्रवाहात असते, फक्त पाण्याला आपली पातळ कड दाखवते. त्यामुळे थोडा दाब कायमचा खर्ची पडतो. त्याच्या बदल्यात वजन, जागा, उंची आणि पैसा इतका वाचतो की पाणीपुरवठ्याच्या, कूलिंग टॉवरच्या आणि फिल्टर बेडच्या मोठ्या लाइनींवर आज बहुतेक ठिकाणी हाच दिसतो.

दुसरी गोष्ट तोलाची. १० बार दाबाखाली बंद असलेल्या ३०० मिलिमीटरच्या चकतीवर सुमारे सात टनांचा भार येतो. तरीही हँडव्हील एका माणसाच्या हाताने फिरतं, कारण स्पिंडल चकतीच्या मधोमध आहे. एका पंखावरचा दाब तिला ज्या दिशेला फिरवू पाहतो, त्याच्या उलट दिशेला दुसऱ्या पंखावरचा दाब फिरवू पाहतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. सात टन स्पिंडलवर आणि बेअरिंगवर जातात, हाताला लागते फक्त रबराची पकड आणि थोडं घर्षण. पाणी वाहायला लागलं की हा तोल बिघडतो. अर्धवट उघड्या चकतीची पुढची कड प्रवाहाचा जास्त जोर घेते आणि पाणी चकतीला बंद करायला बघतं. हा ओढा ७०–८० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. लिव्हरखाली खाचांची पट्टी असते ती याचसाठी. लाइन चालू असताना खाचेतून सोडलेला लिव्हर मनगट मोडू शकतो. सहसा १५०–२०० मिलिमीटरच्या पुढे लिव्हर जाऊन वर्म गिअरबॉक्स येतो तो केवळ जोर कमी लागावा म्हणून नाही. वर्मला चाकाकडून उलटं फिरवता येत नाही, म्हणून चकती ठेवली तिथेच राहते.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावर वाफ कमी-जास्त करणारी चकती हीच होती आणि १७८८मध्ये आलेला त्याचा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर याच चकतीला हलवत असे. पण त्या चकतीवर घट्ट बंद होण्याची जबाबदारी नव्हती. ती जबाबदारी विसाव्या शतकात कृत्रिम रबराने घेतली आणि तिथून या व्हॉल्व्हचं सगळं भवितव्य त्या रबराशी बांधलं गेलं.

आता बसवणी. जाणता फिटर व्हॉल्व्ह उचलण्याआधी फ्लँज पाहतो. तोंडावर जुन्या गॅस्केटचा चिकटलेला तुकडा, वेल्डिंगचा थेंब, खरवड काही आहे का ते बोटाने चाचपतो. मग खालचे दोन-तीन बोल्ट आरपार टाकून ठेवतो, म्हणजे व्हॉल्व्हला टेकायला जागा होते. फ्लँज पाचर किंवा जॅक बोल्ट लावून ७८पेक्षा पुरेसे जास्त फाकवतो, कारण रबराचे ओठ कडीच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेले असतात. जागा कमी पडली आणि व्हॉल्व्ह ठोकून आत घातला, की फ्लँजची धार तो ओठ पकडते आणि आत दुमडते. बाहेरून काहीच दिसत नाही. हायड्रो टेस्टला गळती लागते आणि सगळे बोल्टच आवळत बसतात.

आत सरकवताना चकती जवळपास बंद हवी, पण पूर्ण बंद नको. साधारण दहा अंश उघडी, म्हणजे तिची कड कडीच्या आतच राहते. उघडी ठेवून सरकवली तर फ्लँजवर आपटते, आणि चकतीच्या घासून गुळगुळीत केलेल्या कडेवर पडलेला खळगा पुढे प्रत्येक फेऱ्याला लायनर कापत राहतो. व्हॉल्व्ह आत बसला, मध्यावर आला, उरलेले बोल्ट हाताने लागले की नियम नेमका उलटतो. आता चकती पूर्ण उघडायची आणि मगच पाना लावायचा. बोल्ट आवळताना दाबलं गेलेलं रबर थोडं आतल्या बाजूला सरकतं. त्या वेळी चकती बंद असेल तर रबर तिच्याभोवती चिमटलं जाऊन त्याच आकारात बसतं, आणि मग जन्मभर तो व्हॉल्व्ह जड चालतो. आत जाताना मिटलेली, आवळताना उघडलेली. या दोन उलट आज्ञांमध्ये बसवणीचं सगळं मर्म आलं, आणि दोन्हींचं कारण एकच: कडीपेक्षा मोठी चकती.

पाना लावण्याआधी आणखी एक काम असतं आणि चांगल्या फिटरची खूण मला तिथे पटते. तो चकती अगदी सावकाश, कान देऊन उघडतो. हेल्परने पाना उचललाच तर म्हणतो, "थांब रे, आधी उघडून बघू." चकती पाइपच्या आतल्या भिंतीला टेकते का ते हाताला कळतं. कळल्यावर व्हॉल्व्ह बोटभर वर-खाली सरकवून मध्य गाठतो, पुन्हा उघडतो, पुन्हा मिटतो. त्यानंतर समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने, थोडे-थोडे, फ्लँज कडीच्या धातूला भिडेपर्यंत आवळतो. मध्ये वेगळं गॅस्केट घालत नाही. लायनरचा ओठ हेच गॅस्केट असतं. त्यावर आणखी एक रबरी चकला ठेवला तर ओठाला मिळायचा दाब बदलतो आणि दोन रबरं एकमेकांवर सरकतात. काळजीपोटी केलेल्या या चुकीने बिघडलेले जॉइंट मी निष्काळजीपणाने बिघडलेल्यांइतकेच पाहिले आहेत.

चकती टेकते का, हा प्रश्न एचडीपीई पाइपवर फार खरा होतो. ३०० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला सहसा ३१५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाइप जोडतात. एसडीआर १७ असेल तर भिंत १८.७ मिलिमीटरची, म्हणजे आत उरतात सुमारे २७८. चकती पूर्ण उघडते तेव्हा कडीच्या तोंडापाशी तिला किती रुंदी लागते, ते पायथागोरसच्या प्रमेयाने कागदावर काढता येतं: त्रिज्या १५०, मध्यापासून अंतर ३९, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण २९०. बारा मिलिमीटर कमी पडतात. व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडतो, आणि दोष मात्र व्हॉल्व्हला लागतो. उपाय साधा आहे. स्टब एंडच्या आतल्या कडेला तिरपा उतार द्यायचा किंवा मध्ये स्पेसर घालायचा. पोलादी शेड्यूल ४० पाइपमध्ये आत ३०३ असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. शेड्यूल ८०मध्ये २८९ उरतात आणि तो पुन्हा उभा राहतो. हे गणित ड्रॉइंग करतानाच व्हायला हवं. जागेवर, शटडाऊनच्या रात्री, ग्राइंडर घेऊन ते करावं लागणं हा फिटरवरचा अन्याय आहे.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्ह मध्ये ठेवून फ्लँज टॅक केले तर अंतर बरोबर येतं, तिथपर्यंत ठीक. पूर्ण वेल्डिंगच्या आधी तो बाहेर काढायचाच आणि फ्लँज गार झाल्यावर परत घालायचा. फ्लँजमधून आलेली उष्णता रबराला पुरून उरते.

स्पिंडल उभा की आडवा, याकडे पुष्कळजण दिसण्याचा प्रश्न म्हणून बघतात. गाळ असलेल्या पाण्यात तो आडवा हवा, आणि चकतीची खालची कड प्रवाहाच्या दिशेने उघडायला हवी. मग उघडायला लागताच तळाचा गाळ पहिल्या झोताबरोबर निघून जातो. उभ्या स्पिंडलचं खालचं बेअरिंग त्याच गाळात बसलेलं असतं. कोपऱ्याच्या म्हणजे एल्बोच्या जवळचा प्रश्न आणखी सुंदर आहे. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जास्त वेगाने जातं. स्पिंडल वळणाच्याच पातळीत ठेवला तर हा कमी-जास्त वेग दोन्ही पंखांना सारखा भेटतो. त्या पातळीला काटकोनात टाकला तर एका पंखाला वेगवान पाणी मिळतं, दुसऱ्याला संथ, आणि चकती सतत थरथरत राहते. जागा असेल तर वळणापासून आणि पंपापासून पाइपच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतर सोडावं. ड्युअल प्लेट चेक व्हॉल्व्ह मात्र लगेच पुढे-मागे कधीच लावू नये. त्याच्या उघडणाऱ्या झडपा आणि ही बाहेर येणारी चकती एकमेकांवर आपटतात.

चालवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच, पण मोठ्या. ३० ते ७० अंशांमध्ये हा व्हॉल्व्ह प्रवाह चांगला सांभाळतो. २० अंशांच्या खाली कडेच्या फटीतून पाणी इतक्या वेगाने निघतं की दाब कोसळून वाफेचे बुडबुडे होतात, ते पुढे जाऊन फुटतात, पाइपात खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो आणि चकतीचा धातू टोकरला जातो. दुसरी गोष्ट बंद करण्याच्या वेगाची. पाव फेऱ्यात बंद होणं ही सोय लांब लाइनवर धोका होते. निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून जे सूत्र मांडलं, त्याने हिशेब केला तर पोलादी पाइपात सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबवल्यास दाब सुमारे २० बारने उसळतो. १० बारच्या लाइनवर हा उसळा कुठला तरी जॉइंट फोडू शकतो. गिअरबॉक्सचं ते कंटाळवाणं, पुष्कळ फेऱ्यांचं फिरवणं पाण्याला थांबायला वेळ देतं.

रबर जिथे टिकत नाही, तिथल्या तापमानासाठी आणि दाबासाठी ट्रिपल ऑफसेट नमुना आला. स्पिंडल चकतीच्या प्रतलातून मागे सरकवला, पाइपच्या मध्यरेषेतून बाजूला सरकवला आणि सीटच्या शंकूचा अक्षही तिरका केला. या तीन सरकवण्यांमुळे चकती पूर्ण नव्वद अंशांच्या प्रवासात सीटला कुठेच घासत नाही. अगदी शेवटच्या क्षणी, सगळ्या परिघावर एकदम, धातू धातूला टेकतो. तानेचा कितीही विस्तार झाला तरी समेवर नेमकं येणाऱ्या गायकाची आठवण मला हा व्हॉल्व्ह मिटताना पाहून होते. त्याच्या अंगावरचा बाण पाहून बसवावा लागतो. दाबाची पसंतीची बाजू ठरलेली असते.

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे व्हॉल्व्ह नुसता हलवणं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा उघड-मीट केली तर रबर चकतीला चिकटत नाही. साखर कारखान्यात गळीत हंगाम संपला की महिनोन्‌महिने लाइनी कोरड्या पडतात. त्या काळात व्हॉल्व्ह घट्ट मिटून ठेवले तर लायनरवर चकतीचा कायमचा वळ उठतो. थोडे उघडे ठेवले तर हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरळीत फिरतात. गिअरबॉक्सला ग्रीस द्यावं, त्याचे स्टॉप बोल्ट तपासावेत. लायनरला मात्र दिसेल ते ग्रीस लावू नये. ईपीडीएम रबर पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, खनिज तेलात फुगतं. कॉम्प्रेसरच्या तेलकट हवेच्या लाइनवर ईपीडीएमचा व्हॉल्व्ह याच कारणाने आवळून बसतो. तिथे नायट्राइल हवं.

आणि काढलेला जुना लायनर फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. सगळीकडे सारखी झीज असेल तर त्याने आपलं आयुष्य काढलं. एका बाजूला चंद्रकोरीसारखा काप असेल तर व्हॉल्व्ह मध्यावर बसला नव्हता, किंवा चकतीच्या कडेला खळगा आहे. नवं रबर घालण्याआधी ती कड बोटाने फिरून तपासावी. ओठावर दुमडल्याची घडी असेल तर फ्लँज पुरते फाकवले नव्हते. रबर सुजलं आणि मऊ पडलं असेल तर लाइनमध्ये तेल येतंय, नुसता लायनर बदलून भागणार नाही. आणि झीज फक्त तळाशी, स्पिंडलच्या खालच्या भोकापाशी असेल, तर पाण्यात गाळ आहे. पुढच्या बसवणीत हाच व्हॉल्व्ह बोल्टांच्या भोकांवर फिरवून स्पिंडल आडवा घ्यावा आणि गिअरबॉक्सचं हँडव्हील कुठल्या बाजूला येतं ते ऑपरेटरला विचारून ठरवावं.