स्वमग्न मुलांची चिडचिड आणि अँटिऑक्सिडंट पूरके : एक चिकित्सा

एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट पूरकाने स्वमग्न मुलांची चिडचिड कमी होते, या दाव्याचा मुख्य आधार स्टॅनफर्ड विद्यापीठातील हार्डन व सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास होय. ३३ मुलांवरील या १२ आठवड्यांच्या प्रयोगात निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटापेक्षा पूरक घेणाऱ्या गटाची चिडचिड अधिक घटली. तथापि हा प्राथमिक अभ्यास होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ९८ मुलांच्या सहा महिन्यांच्या अभ्यासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे मात्रा बरीच कमी होती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून नव्या अभ्यासाची गरज सिद्ध होते, पूरकाची उपयुक्तता नव्हे.

चिडचिड मुळातच कमीअधिक होत असल्याने केवळ पालकांचा अनुभव पुरेसा पुरावा ठरत नाही. तुलना आवश्यक असते. गडचिरोलीला हे नवे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग ३९ गावांत करून ४७ गावांशी त्याची तुलना केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. पूरकांनाही हाच निकष लावला पाहिजे.

शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंडी वा माडिया बोलणाऱ्या स्वमग्न मुलाची चिडचिड दातदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप किंवा वर्गातील अपरिचित भाषा यांमुळेही असू शकते. या कारणांचा शोध न घेता पूरक सुचविणे म्हणजे मुलाचे म्हणणे न ऐकताच त्यास गप्प करू पाहणे होय.