सभेतला ‘आपण’ कोणाचा?

भाषणाची समीक्षा बहुधा विचार, विनोद आणि टाळ्या यांपाशी थांबते. वाक्याला वाक्य कसे जोडले जाते, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. उत्तर प्रदेशातील प्रतापगड येथे १९३१ साली जन्मलेल्या रुकैया हसन यांनी एम. ए. के. हॅलिडे यांच्यासह १९७६ मध्ये इंग्रजीतील या जोडणीवर ग्रंथ लिहिला. संदर्भ, प्रतिस्थापन, अध्याहार, उभयान्वय आणि शब्दसंगती असे पाच धागे त्यांनी दाखविले.

मराठीत हे धागे पाहायचे तर पोहरादेवीच्या सभा आठवाव्यात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. रामनवमीला येथे दूरदूरचे तांडे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. श्रोत्यांच्या घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, तर मंचावर कधी मराठी, कधी हिंदी. प्रमाण हिंदीचा ‘हम’ वक्ता आणि श्रोता यांतली रेघ झाकू शकतो. मराठीला ती सोय नाही. ‘आम्ही’ म्हटले की श्रोता सहसा बाहेर, ‘आपण’ म्हटले की आत.

पण मराठीतही एक पळवाट आहे. समजा वक्ता म्हणाला, “या समाजाने हाल सोसले. त्याने कधी दाद मागितली नाही. आता मागू.” ‘त्याने’ हे सर्वनाम समाजाकडे बोट दाखवते, ‘मागू’मध्ये कर्ता अध्याहृत. तेवढ्यात वक्ता समाजात मिसळला! मग “आश्वासने दिली गेली” असे तो म्हणतो, आणि देणारा वाक्यातून नाहीसा होतो.

सर्वांत धोक्याचे सर्वनाम ‘ते’. वाचक पान उलटून त्याचे नाम शोधू शकतो. श्रोत्याला मागे जाता येत नाही. “ते तुमचा हक्क हिरावतील,” असे ऐकले की रिकामी जागा तो मनातल्या संशयाने भरतो. वक्त्याने कोणाचे नाव घेतलेले नसते, म्हणून जबाबही द्यावा लागत नाही. या ‘ते’मध्ये आम्हांला अनेकदा बसविले गेले आहे, बंजाऱ्यांनाही परकीय सत्तेने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली असेच एका सरसकट नामात कोंबले होते.

चांगल्या भाषणात नाम पुन्हा उच्चारले जाते. पुनरुक्ती छापील गद्यात दोष ठरत असेल. सभेत ती प्रामाणिकपणाची खूण आहे. म्हणून टाळी वाजविण्याआधी आपण एवढेच विचारावे: ‘ते’ म्हणजे कोण, आणि या ‘आपण’मध्ये शेजारी बसलेला धरला आहे की नाही?