न वाढणारा मुलगा

१९६३ साली जपानी टेलिव्हिजनवर सुरू झालेल्या, ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ या कार्टून मालिकेत डॉ. तेन्मा अपघातात गेलेल्या मुलासारखा हुबेहूब यंत्रमानव बनवतात. हा ॲटम वाढत नाही म्हणून चिडून ते त्याला सर्कशीला विकून टाकतात.

यंत्र वाढणार नाही, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आधी कळू नये? विद्यार्थी ही कथेतली चूक म्हणतील. मला तसे वाटत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, हेच तेन्मांनी स्वतःला विचारले नव्हते. (अपेक्षित निष्कर्ष आला नाही की आम्हीही उपकरणावरच रागावतो!)

खटकते ते पुढचे. दयाळू प्राध्यापक ओचानोमिझू ॲटमला सोडवतात आणि मालिका बहुतांशी लढायांत रमते. टाकून देणाऱ्या बापाविषयी ॲटमला काय वाटते, याला फारच थोडी जागा उरते.