निर्धूर चूल आणि गृहिणीचा नकार : ‘उपयोजकाचा सहभाग’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

समाजाभिमुख तंत्रज्ञानाविषयी जे लेखन आपल्याकडे होते, त्यात एक सूत्र हटकून आढळते : तंत्रज्ञान विकसित करताना उपयोजकाला सहभागी करून घ्यावे. या सूत्राला सहसा कोणी विरोध करीत नाही. विरोध होत नसल्यामुळेच ते फारसे तपासलेही जात नाही. सहभाग कोणत्या टप्प्यावर घ्यावयाचा, कोणत्या प्रश्नाबाबत घ्यावयाचा आणि उपयोजकाने ‘नको’ म्हटल्यास त्या नकाराचे काय करावयाचे, ही स्पष्टता आल्याखेरीज ‘सहभाग’ हा शब्द प्रकल्प-अहवालाचा अलंकार ठरतो. प्रस्तुत लेखात सुधारित अथवा निर्धूर चुलीच्या निमित्ताने या संकल्पनेची तपासणी करावयाची आहे. चुलीइतके दीर्घकाळ, इतक्या सद्हेतूने आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर ‘सुधारले’ गेलेले दुसरे घरगुती साधन आपल्याकडे क्वचितच सापडेल.

प्रयोगशाळेतील चूल आणि घरातील चूल

निर्धूर चुलीचा इतिहास जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत विकसित झालेली ‘मगन चूल’ स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रचारात आली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे जळाऊ लाकडाच्या टंचाईची चिंता वाढली आणि केंद्र शासनाने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये केंद्राने तो आवरता घेऊन जबाबदारी राज्यांकडे सोपविली, तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली होती. बसविलेल्या चुली आणि पेटणाऱ्या चुली यांतील अंतर हा या कार्यक्रमाचा खरा इतिहास आहे. तो आकड्यांच्या रकान्यात सापडत नाही.

हे अंतर का पडले याचे उत्तर चुलीची गुणवत्ता कशी मोजली गेली यात बऱ्याच अंशी दडलेले आहे. चुलीची कार्यक्षमता मुख्यतः पाणी उकळण्याच्या चाचणीने ठरत असे. ठरावीक मापाचे पाणी, ठरावीक भांडे, कोरडे व एकसारख्या आकाराचे लाकूड. उकळी येण्यास किती वेळ व किती जळण लागले ते मोजावयाचे. चाचणी म्हणून ही पद्धत निर्दोष आहे. मात्र महाराष्ट्रातील गृहिणी चुलीवर पाणी उकळण्याचा प्रयोग करीत नाही, ती भाकरी करते. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकल्यावर उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या धगीला उभी केली जाते आणि तेथे ती फुगते. यासाठी चुलीचे तोंड उघडे व ऐसपैस हवे, निखारा पुढे ओढता यावा लागतो. उष्णता वाया जाऊ नये म्हणून आंतरजाळाचे तोंड जितके अरुंद करावे तितकी चूल शास्त्रदृष्ट्या चांगली आणि भाकरीसाठी तितकीच अडचणीची. प्रयोगशाळेच्या दृष्टीने जो अपव्यय, तोच गृहिणीच्या दृष्टीने चुलीचा उपयोग होता.

जळणाचेही तसेच. कोरड्या, सारख्या तुकड्यांचे लाकूड ही प्रयोगशाळेची सोय. विदर्भ-मराठवाड्यातील घरात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात अर्धे ओले सरपण असे जे हाती येईल ते जळते. लांब पऱ्हाटी चुलीत सरकवीत राहावयाची ही रीत, कारण ती मोडून, तोडून बारीक करण्याचे श्रम पुन्हा तिच्याच वाट्याला येतात. भांड्यांच्या आकाराबाबत तर साच्याने बनविलेल्या चुलीचा नाइलाजच असतो. पातेले तोंडावर नीट बसले नाही की फटीतून धूर खोलीत येतो आणि निर्धूर चूल नावापुरती निर्धूर राहते. अशा वेळी घरातील बाई चुलीचे तोंड खरवडून मोठे करून घेते, किंवा वैल बुजवून टाकते. पाहणी करणारा त्याची नोंद ‘चुलीची मोडतोड’ अशी करतो. वस्तुतः तो रचनेवरचा अभिप्राय होता. मातीत दिला गेल्यामुळे तो कोणी वाचला नाही, इतकेच.

धुराड्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. काजळी साचली की धुराडे उलटा धूर टाकू लागते, म्हणून ते वरचेवर साफ करावे लागते. छपरावर चढून ते कोणी साफ करावयाचे, हा प्रश्न आराखड्यात नसतो. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्स कंपनीच्या आरेखन विभागाने पुण्यातील स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने व उपयोजकांशी चर्चा करून काँक्रीटची चूल तयार केली, तेव्हा काजळी धरणाऱ्या काढता येण्याजोग्या चकत्या धुराड्यात बसविण्यात आल्या. प्रश्न आधी विचारला गेला की उत्तर किती साधे असते याचे हे उदाहरण.

सहभाग आणि सत्ता

उपयोजकाच्या सहभागाची कल्पना मुळात सौजन्यातून आलेली नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी नॉर्वेत संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नीगोर यांनी लोह व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येऊ घातलेली संगणकप्रणाली कामगारांच्या बाजूने समजून घेणे हा त्याचा हेतू होता. या कामगारांपाशी संघटना होती, करार करण्याचा हक्क होता आणि ‘हे यंत्र या रीतीने नको’ असे म्हणण्याची ताकद होती. ही परंपरा विकासप्रकल्पांच्या भाषेत आली तेव्हा चर्चा, बैठका, प्रश्नावल्या आल्या, आणि नकाराचा हक्क मागेच राहिला. चुलीपुढे बसणाऱ्या बाईची संघटना नसते. कार्यक्रमाच्या कागदांवर तिचे नाव ‘लाभार्थी’ या रकान्यात येते. लाभ काय हे आधीच ठरलेले असल्याने तिने तो घ्यावयाचा एवढेच उरते. तिच्याकडे एकच मताधिकार असतो : चूल न वापरणे. तो तिने मोठ्या प्रमाणावर बजावला. आपण मात्र त्याला प्रबोधनाचा अभाव म्हणत आलो.

वेगळे काही घडू शकते हे नाडा चुलीने दाखविले होते. चंडीगडजवळील हरियाणातील नाडा या गावी १९८० च्या दशकाच्या आरंभी मधू सरीन यांनी स्त्रियांबरोबर चूल घडविली. माती स्थानिक, भांडी त्यांची, तोंडाचे माप त्या भांड्यांवरून, आणि चूल बांधणाऱ्या मिस्त्रीही गावातल्याच स्त्रिया. या प्रयोगाचे मर्म चुलीच्या आकारात नसून ती घडण्याच्या पद्धतीत होते. लक्ष्यपूर्तीच्या व्यवस्थेला मात्र आकार उचलता येतो, पद्धत उचलता येत नाही. दरमहा अमुक इतक्या चुली असे उद्दिष्ट ठरल्यावर प्रत्येक स्वयंपाकघरात बसून माप घ्यावयास वेळ कोणाला?

तथापि येथे सहभागवाद्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. उपयोजकाला काय हवे एवढेच विचारले असते तर धूर हा विषय कदाचित पुढे आलाच नसता. धुराने डोळे चुरचुरतात हे घरोघरी ठाऊक असते, पण त्याच धुराने छपराची कीड जाते, डासही कमी होतात. दीर्घकाळ धुरात राहिल्याने फुप्फुसावर काय परिणाम होतो हे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावे लागते. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचा धुराशी किती संपर्क येतो हे कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत मोजले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे तज्ज्ञाने आपले ज्ञान बाजूला ठेवून केवळ लेखनिक व्हावे ही भूमिका बेजबाबदारपणाची ठरेल. धूर घातक आहे हे सांगणे तज्ज्ञाचे कर्तव्यच आहे. भाकरी कशी भाजावी हे मात्र त्याने ठरवू नये. ही सीमारेषा कोठे ओढावयाची यावर प्रत्येक प्रकल्पात भांडण व्हावे, आणि ते आराखडा पक्का होण्यापूर्वी व्हावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांच्या पाहणीवर आधारित रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगा आहे. चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर असे दिसले की पहिल्या वर्षी धुराचा संपर्क घटला, पुढे तो लाभ उरला नाही. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत आणि जळणाच्या खर्चातही फरक पडला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला गुण घरात टिकला नाही याचा इतका स्वच्छ पुरावा दुर्मीळच. तरीही या निष्कर्षाचा अर्थ ‘लोक देखभाल करीत नाहीत’ असा लावावयाचा की ‘देखभाल करावीशी वाटेल अशी चूल त्यांना मिळाली नाही’ असा, हे आकडे स्वतःहून सांगत नाहीत.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीचा प्रश्न गॅसकडे सरकला. १० कोटींहून अधिक जोडण्या स्त्रियांच्या नावे दिल्या गेल्या, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु २०२४-२५ मध्येही या कुटुंबांनी वर्षाकाठी सरासरी साडेचारच्या आतच सिलिंडर भरून घेतले. या निमित्ताने एक नवी गोष्ट घडली आहे. चूल वापरात आहे की नाही हे कळण्यासाठी पूर्वी घरात डोकवावे लागे. आता प्रत्येक सिलिंडरची नोंद आपोआप होते आणि नकार पहिल्यांदाच मोजता येतो. त्याचे वाचन मात्र अजून किमतीपाशीच थांबते. किंमत हे मोठे कारण आहे यात शंका नाही. परंतु न्हाणीचे पाणी अद्याप कशावर तापते, दहा माणसांच्या भाकऱ्या कोठे होतात, सिलिंडर संपल्यावर तो आणावयास कोण जाते आणि त्याचे पैसे घरात कोणाच्या हाती असतात, या प्रश्नांना त्या नोंदवहीत रकाना नाही.