मुलाला मोजलं, वर्गाला नाही

प्रश्नावलीही एखाद्या कथेसारखी वाचता येते. तिने काय विचारलंय आणि काय गाळलंय, यावरून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणतं मूल होतं ते कळतं. शाळकरी मुलांच्या संवेदनांच्या अडचणी, म्हणजे आवाज, स्पर्श, वास, हालचाल फार जाणवणं किंवा जाणवतच नसणं, तपासण्यासाठी आपल्याकडे काय आहे, हे या नजरेने बघू.

पहिली 'इसा'. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी. ४० मुद्दे, ६ विभाग, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली राहिली तर ऑटिझम नाही. संवेदनांच्या वाट्याला ६ मुद्दे. त्यातले तीन नजरेबद्दल, एक वेदना न जाणवण्याबद्दल, एक वस्तू हुंगण्या-चाटण्याबद्दल. बाकीची सगळी अतिसंवेदनशीलता उरलेल्या एकाच मुद्द्यात कोंबलेली. घंटा वाजली की कान दाबणारा मुलगा आणि कॉलर टोचते म्हणून रडणारी मुलगी, दोघांच्या कागदावर तोच आकडा. सॉफ्टवेअरने प्रत्येक बिघाडाला 'काहीतरी चुकलं' एवढाच मेसेज दाखवला, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची?

अर्थात 'इसा'चं काम ऑटिझम ओळखणं आणि त्याची तीव्रता ठरवणं आहे. बारकाईसाठी विनी डन यांचं १९९९चं 'सेन्सरी प्रोफाइल' बघावं लागतं. त्यात १२५ प्रश्न आहेत, पण खरी कमाई मांडणीत आहे. मुलाला संवेदना लवकर जाणवते की उशिरा, आणि जाणवल्यावर ते गप्प बसतं की काही करतं? यातून चार गट पडतात. सतत चुळबुळ करणारं मूल आणि हाक मारली तरी न ऐकणारं मूल, दोघांनाही संवेदना उशिराच पोचत असेल. एक ती शोधत फिरतं, दुसरं बसून राहतं. आपल्या वर्गात पहिल्याला मार मिळतो, दुसऱ्याला 'शहाणं बाळ' म्हणतात.

पण हे प्रश्न अमेरिकन घरातले आहेत. व्हॅक्यूम क्लीनर, हेअर ड्रायरच्या आवाजाला मूल घाबरतं का? वाळूत, गवतात अनवाणी चालायचं टाळतं का? औशात विचारायचं तर कुकरची शिट्टी, मिरवणुकीतला डीजे आणि पत्र्यावरचा पाऊस विचारावा लागेल. आणि जिथे चपला वर्गाबाहेर काढाव्याच लागतात, तिथे अनवाणी पायांचा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही.

या दोन्ही मोजपट्ट्यांत वर्ग मोजला जात नाही. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप माझ्या जन्माआधीचा, पण इथे वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की माणसं दबली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. रिश्टरचा आकडा एकच होता, पण कोणाचं काय झालं हे घराच्या बांधणीवरही ठरलं. मुलाचा स्कोअर वर्गाशिवाय वाचणं म्हणजे घर न बघता नुसता रिश्टरचा आकडा वाचणं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, संवेदनांची अडचण स्वतंत्रपणे नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये तिला स्वतंत्र निदान मानू नका असं सुचवलं. ते ठीक आहे. पण बेरीज ६५ आलेलं मूल घंटेला कान दाबतंच. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, 'नाटकी' हे नाव मात्र लगेच मिळेल. म्हणून तपासणीच्या कागदावर आणखी एक रकाना हवा: घंटा कुठे आहे, छत कशाचं, बाकावर किती मुलं, मूल कुठे बसतं. तो भरायला तज्ज्ञ लागत नाही. आणि बाक घंटेपासून लांब सरकवायला तर बेरजेचीही वाट बघावी लागत नाही.