शेवटचं कडवं

डिसेंबर आला की पेपरवाले याद्या काढतात. वर्षातली दहा गाणी, वर्षातले दहा गळे. त्या याद्यांत आपली वस्ती नसते, पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी माझीच यादी मांडतोय. ह्या वर्षी कामावर जाताना लोकलमध्ये आणि रात्री मोबाईल उशाशी ठेवून जी गाणी पुन्हा पुन्हा ऐकली, ती ही. त्यांत नवी कमी, जुनी जास्त. सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारला : गाणं कुणाचं?

पहिलं किशोरी आमोणकरांचं. म्हणजे लोक तसं म्हणतात. 'अवघा रंग एक झाला' हा अभंग सोयराबाईचा, चोखामेळ्याच्या बायकोचा, चौदाव्या शतकातला. भेदच मावळला, असा अनुभव ती सांगते आणि शेवटी सही करते : चोख्याची महारी. किशोरीताई ती ओळ गाळत नाहीत, गातात. पण तोवर सभागृहातला रसिक डोळे मिटून विरघळलेला असतो. त्याला 'रंग' ऐकू येतो, 'महारी' ऐकू येत नाही. माझं उलटं झालं. सगळे रंग एक झाले, तर बाई, सही करताना जात का सांगावी लागली? कारण रंग तिच्या आत एक झाला होता, पंढरपुरात नव्हता झाला. चोखोबाची समाधी देवळाच्या पायरीशीच आहे, आत नाही. आणखी एक खुपलं. त्या सहीत जात आहे, नवरा आहे, सोयरा नाही. बाईचं नाव दोनदा गेलं. एकदा गावकुसाबाहेर, एकदा घरात.

दुसरं गाणं मला आवडतं आणि आवडतं म्हणून रागही येतो. चोखोबाचाच 'जोहार मायबाप', बालगंधर्वांच्या गळ्यातून. 'संगीत कान्होपात्रा' नाटकातून तो गाजला. काय तो आवाज! लोण्यासारखा. पण 'जोहार' म्हणजे काय? पाटलासमोर, देशमुखासमोर कमरेत वाकून आपल्या आज्या-पणज्यांनी घातलेला रामराम. तो शब्द टाकून आपण 'जय भीम' म्हणायला लागलो, ताठ झालो. आणि इकडे त्याच शब्दाला पिढ्यान् पिढ्या 'वन्समोअर' मिळत राहिला. ज्यांना तो कधी घालावा लागला नाही, त्यांनी त्याची गोडी चाखली. ब्राह्मणी सौंदर्यशास्त्र म्हणतात ते हेच : कंबर आपली वाकते, माधुर्य त्यांना कळतं. तरीही मी ते गाणं पुसणार नाही. चोखोबाचं आहे, आपलं आहे. मात्र ऐकताना मी मान डोलवत नाही. ताठ बसून ऐकतो.

तिसरं अमेरिकेतलं. 'पँथर' हे नाव आपल्या पोरांनी १९७२ साली तिकडूनच घेतलं, तेव्हा गाणंही घेऊ. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट', १९३९. जमावानं ठार मारून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांचं हे गाणं. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. मग कमोडोर ह्या लहान कंपनीनं केलं. बाई कुठंच ओरडत नाही. सावकाश, एकेक शब्द दाताखाली धरून गाते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. आपल्यातल्या काही कवींना वाटतं की आवाज चढला म्हणजे विद्रोह झाला. त्यांनी हे ऐकावं.

पण ह्या गाण्यानं माझी गोचीच केली. ते लिहिलं एबल मीरोपोल नावाच्या गोऱ्या ज्यू शिक्षकानं, टोपणनावानं. चालही त्याचीच. हॉलिडेनं १९५६ च्या आत्मचरित्रात मात्र ती चाल आपण आणि आपल्या पियानोवाल्यानं बांधल्यासारखं सांगितलं, आणि मीरोपोलला हरकत घ्यावी लागली. म्हणजे बघा, दुसऱ्याचं नाव पुसणारा दरवेळी वरच्या जातीचा, गोऱ्या कातडीचाच असतो असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

चौथं तमिळ. 'एन्जॉय एन्जामी', मार्च २०२१. दी आणि अरिवू गातात, संगीत निर्मिती संतोष नारायणनची. शब्द अरिवूचे. भाषा मला ओ की ठो कळत नाही, तरी पाय थांबत नाहीत. मग अर्थ विचारून घेतला. अरिवूची आजी वल्लीअम्माल श्रीलंकेच्या चहामळ्यात राबली आणि परत आली ती भूमिहीनच. आजीची ही कहाणी गाण्याच्या मुळाशी आहे : ज्यांनी झाडं लावली, मातीत घाम गाळला, त्यांच्या हाताला माती नाही. गाणं जगभर गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्याचं कौतुक आलं, पण फोटोत अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर हरकत घेतली, बोंब झाली, मग अरिवूचंही मुखपृष्ठ निघालं. नाव बोंबलल्याशिवाय मिळत नाही, हा धडा.

पाचव्याला ना तबला ना पेटी. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे ह्यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या, १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. सोयराबाईला सातशे वर्षांत जे मिळालं नाही, ते राधाबाईंना मिळालं. लेखणी हातात असणाऱ्यानं एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि सहावं आपलं. वामनदादा कर्डक (१९२२-२००४), सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. कुठलं गाणं ते सांगत नाही, तुम्हाला सगळी पाठ आहेत. दादांची खूण ठरलेली : शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. चोखोबा, सोयराबाईची रीत तीच. पण दादांना कुणापुढं जोहार घालावा लागत नाही. वामन ताठ मानेनं येतो आणि सही ठोकतो.

यंदा १४ एप्रिलला आमच्या मिरवणुकीत दादांचंच गाणं लागलं. डीजेच्या भिंतीपुढं पोरं बेभान. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू. दोन कडवी झाली, ठेका बदलला आणि पुढचं गाणं सुरू. शेवटचं कडवं गेलं! डीजेवाल्या पोराजवळ गेलो. आपलाच पोरगा, निळा फेटा बांधलेला. विचारलं, "गाणं कुणाचं रे?" त्यानं रिमिक्स करणाऱ्याचं नाव सांगितलं. म्हटलं, "लिहिलं कुणी?" तो म्हणाला, "काका, ते कुठं माहीत असतं?"

पोराला मी दोष देत नाही. त्याला सांगितलंच कुणी? मुखपृष्ठावरून अरिवू गेला तेव्हा आपण मोबाईलवर तावातावानं लिहिलं. वामनदादा आपल्याच ट्रकवरून गेले तेव्हा आपण नाचत होतो. मीसुद्धा.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझं एकच सांगणं आहे. डीजे लावा, नाचा, कुणी अडवलेलं नाही. पण गाणं लागायच्या आधी माईकवरून लिहिणाऱ्याचं नाव पुकारा आणि शेवटचं कडवं कापू नका. दोन मिनिटं जास्त लागतील. मिरवणूक थांबेल तेवढी.

जय भीम.