ताराबाई शिंदे: त्याच मापानं जोखणारी लेखिका

मंडळी, ताराबाई शिंद्यांचं नाव आपण पुष्कळदा घेतो. आद्य स्त्रीवादी लेखिका म्हणतो, टाळ्या वाजवतो आणि पुस्तक मात्र कपाटातच राहतं. आज ते उघडूया.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली. पण वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं.

शीर्षकातला ‘तुलना’ हा शब्द बघा. लेखनाची सगळी रीत त्यात आहे. स्त्रिया कपटी, चंचल, अविचारी असा एकेक आरोप त्या उचलतात आणि त्याच मापानं पुरुषाला जोखतात. नवऱ्याला देव मानायचं, तर त्यानं देवासारखं वागायला नको? विधवेचं पाऊल घसरलं म्हणता, मग तिला घसरवणारा कुठे गेला? ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. म्हणजे समाजाबरोबर साहित्याचीही झडती झाली.

आता दोष. मांडणी विस्कळीत आहे. तोच मुद्दा फिरून फिरून येतो. पतिव्रताधर्माची चौकटही त्या पुरती मोडत नाहीत. हे झाकून त्यांना आजच्या विचारांची ठरवलं, तर ती पूजा होईल, वाचन नव्हे. पण आम्हाला वाटतं, तो विस्कळीतपणा बोलण्याचा आहे. घरात ज्या भाषेत बाई जाब विचारते, तीच भाषा इथे छापखान्यात गेली. ती नीटनेटकी केली असती, तर तिची धार गेली असती.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची पाठराखण केली. तरी त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा वाचकांपुढे आणलं, ते १९७५ मध्ये. मधली ९३ वर्षं आपण काय वाचत होतो?

म्हणून विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर ताराबाईंबद्दल लिहिलेलं वाचू नका, ताराबाईंनी लिहिलेलं वाचा. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत संपेल. पचायला मात्र वेळ लागेल.